भिंतीतली चार भोकं

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातल्या एखाद्या जुन्या बाजारपेठेत उंच, चिऱ्याची, खिडक्या नसलेली इमारत दिसली तर तिथं जरा थांबा, ती गावची जुनी सिनेमा टॉकीज असू शकते. आज तिथं लाकडाची वखार असेल, मंगल कार्यालय असेल, नाहीतर नुसतंच कुलूप असेल. आत जायला मिळालं तर पडदा होता त्या बाजूला पाठ करून उभे राहा आणि समोरच्या भिंतीत वरती भोकं किती आहेत ती मोजा. त्या टॉकीजचा निम्मा इतिहास त्या भोकांत आहे.

चार भोकं असली तर मागच्या केबिनमध्ये पडद्यावर चित्र टाकणारी दोन मशीनं होती. प्रत्येक मशीनला प्रकाश बाहेर पडायला एक भोक आणि ऑपरेटरला पडदा बघायला दुसरं. पाचवं भोक दिसलं तर ते काचेच्या स्लाइडचं. 'शांतता राखा', 'धूम्रपान करू नये' आणि गावातल्या कापड दुकानाची जाहिरात तिथून यायची. दोनच भोकं असली तर टॉकीज एका मशीनवर चालायची. म्हणजे रीळ संपलं की दिवे लागणार, नवं रीळ चढेपर्यंत लोक बोलत बसणार, मग पुन्हा काळोख.

भोकांच्या वरच्या अंगाला लोखंडी झडपांच्या खाचा सापडतील. झडप तारेवर तोललेली असे आणि तारेत उष्णतेनं वितळणारी कडी असे. केबिनमध्ये पेट घेतला की कडी वितळायची, झडप आपोआप खाली यायची आणि आग प्रेक्षागृहाकडे जात नसे. एवढी काळजी घ्यावी लागे, कारण 1950 च्या आसपासपर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर छापत. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे ते पाण्याखाली घातलं तरी विझत नाही. पुढे सहज पेट न घेणारी सेफ्टी फिल्म आली, तरी झडपा आणि वाळूच्या बादल्या परवान्याच्या अटींत राहिल्याच.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली ती 7 जुलै 1896 ला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला 3 मे 1913 ला. त्या काळी मुंबईहून दक्षिण कोकणात यायची सोपी वाट समुद्राची होती आणि पावसाळ्यात बोट बंद असे. सिनेमा आला तो तंबूतून, आणि कोकणच्या पावसात तंबू उभा राहत नाही. म्हणून आपल्याकडे सिनेमा हा आठ महिन्यांचा धंदा होता. कार्तिकातल्या जत्रांपासून मे अखेरपर्यंत तंबू एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरायचा. पलीकडे देवळासमोर रात्रभर दशावतार चालू असायचा. लोक आधी तंबूत जाऊन मग दशावताराला बसत, म्हणून तंबूचा शेवटचा खेळ फार लांबवून चालत नसे.

1931 साली 'आलम आरा' बोलू लागला आणि तंबूवाल्यांची अडचण वाढली. मूकपट हातानं फिरवता येत होता, वेग थोडा कमीजास्त झाला तरी चालून जायचं. बोलपटाला सेकंदाला बरोबर 24 चौकटी, म्हणजे फिल्मवरची सुटी चित्रं, लागतात. तंबूला वीज मिळे ती ऑइल इंजिनावरच्या डायनॅमोची. इंजिन दमलं की मोटरचा वेग उतरायचा आणि नायिकेचा आवाज पुरुषी व्हायचा. जोरात धावलं की सगळेच किरटे बोलू लागायचे. इंजिन तंबूपासून लांब ठेवावं तर लांब केबलमध्ये दाब पडतो, जवळ ठेवावं तर त्याच्या फटफटीत संवाद बुडतात. चांगले तंबूवाले इंजिन वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवत आणि मध्ये मातीचा बांध घालत. कायमच्या टॉकीजनाही गावात वीज स्थिर होईपर्यंत स्वतःचं इंजिन ठेवणं भाग होतं.

कायमची टॉकीज बांधायची म्हणजे चिऱ्याच्या भिंती आणि वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या. कैचीच्या लाकडाची लांबी जेवढी, तेवढीच दालनाची रुंदी. म्हणून आपली जुनी थिएटरं लांबट आणि अरुंद आहेत. 1959 चा 'कागज़ के फूल' हा सिनेमास्कोपमधला, म्हणजे जास्त रुंद चित्राचा, पहिला भारतीय चित्रपट. शहरातल्या थिएटरांनी पडदा रुंद केला. इथं भिंती हलणार नव्हत्या.

याचा हिशोब सोपा आहे. पडद्याची रुंदी 6 मीटर धरा. जुन्या पद्धतीचं चित्र उंचीच्या 1.37 पट रुंद, म्हणजे ते जवळजवळ 4.4 मीटर उंच पडायचं. स्कोपचं चित्र उंचीच्या 2.35 पट रुंद. त्याच 6 मीटरमध्ये त्याची उंची उरली सुमारे 2.55 मीटर. वर आणि खाली काळं कापड ताणून मधला पट्टा दाखवायचा. 'भव्य सिनेमास्कोप' असं हँडबिलावर छापलेलं असायचं आणि प्रत्यक्षात चित्र आधीपेक्षा लहान. हा दोष मालकाचा नव्हता, ऑपरेटरचा तर मुळीच नव्हता. बांधणीनं घातलेली मर्यादा होती ती.

छपराचा प्रश्न याहून अवघड. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मंगलोरी कौलांवर पाऊस ऐकू येतो, पण सोसवतो. पत्र्यावर मात्र त्याचा नगारा होतो आणि आवाज कितीही चढवला तरी संवाद कळत नाहीत. उलट जुने स्पीकर चढवले की फाटतात. त्यावर उपाय दोन होते. एक, पत्र्याखाली दीड-दोन फूट पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत. दुसरा, भिंतींना गोणपाट. गोणपाटानं घुमणं कमी होतं, पण ओल धरते आणि श्रावणापर्यंत कुबट वास सुटतो. मिरग लागायच्या आधी ते उतरवून उन्हात घालणं हे दरसालचं काम होतं. जिथं ते चुकलं तिथं बुरशी गोणपाटावरून पडद्यावर गेली. पडद्यावर काळे ठिपके एकदा धरले की पुसून जात नाहीत, वरून पांढरा हात द्यावा लागतो. तो हात देताना पडद्याची बारीक छिद्रं बुजली, तर मागच्या स्पीकरचा आवाज कोंडतो. म्हणून पडदा रंगवताना ब्रश शक्य तेवढा कोरडा ठेवायचा असतो.

आता केबिनमध्ये जाऊ. मशीनच्या मागे लोखंडी पेटी, तिच्यात आरसा आणि आरशासमोर टोकाला टोक भिडवलेल्या दोन कार्बन कांड्या. रेक्टिफायरमधून एकदिश प्रवाह द्यायचा, टोकं क्षणभर टेकवायची आणि काही मिलिमीटर मागे ओढायची. मधल्या फटीत जो आर्क पेटतो, तोच पडद्यावरचा उजेड. धन कांडी ऋण कांडीपेक्षा लवकर जळते, म्हणून ती थोडी जाड घेतात. 8 मिलिमीटरच्या धन कांडीसमोर 7 ची ऋण ही नेहमीची जोडी. फट वाढली की उजेड फडफडतो आणि विझतो. धन टोक आरशाच्या नेमक्या बिंदूपासून सरकलं की पडदा कडेनं पिवळट किंवा निळसर होतो. खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत ऑपरेटरचा हात मुठीवर गेलेला असायचा. कांड्या सादळल्या की आर्क तडतडतो, त्यामुळे पावसाळ्यात त्या आर्कच्याच पेटीवर मांडून सुकवत. धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याला टोपी नसली की नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं पावसाचं पाणी आत यायचं, आणि एक थेंब तापलेल्या आरशावर पडला की आरसा तडकला.

तीन तासांचा चित्रपट म्हणजे 16,200 फूट फिल्म. मिनिटाला 90 फूट या हिशेबानं हजार-हजार फुटांची सोळा-सतरा रिळं होतात. नुसत्या फिल्मचं वजन चाळीस किलोच्या आसपास, वर पत्र्याच्या पेट्यांचं वेगळं. बोटीनंतर या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. घाटात दरड आली की शुक्रवारचा खेळ शनिवारी.

रिळं आली की सगळ्यात आधी रिवाइंडरवर. कडा दोन बोटांच्या चिमटीत धरून सगळी फिल्म हळूहळू फिरवायची. फिल्मच्या काठाचं तुटकं भोक, सुटलेला सांधा बोटांना आधी कळतो. सांधा लावायचा तर एका टोकावरचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, पात्यानं पूर्ण खरवडायचा, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. मसाला थोडा जरी राहिला तरी सांधा गेटमध्ये, म्हणजे फिल्म उजेडासमोरून सरकते त्या फटीत, उकलणार. गेटमध्ये साठलेला मसाला मात्र लोखंडी पात्यानं कधी काढायचा नाही, पितळी किंवा लाकडी पट्टीनंच काढायचा. लोखंडाचा एक ओरखडा गेटला पडला की पुढच्या प्रत्येक प्रिंटवर उभी रेघ उठते.

त्या रेघांना लोक 'पाऊस' म्हणायचे. मुंबई, पुणे, कोल्हापूर करून प्रिंट आपल्याकडे यायची तेव्हा तिच्यावर शेकडो खेळ झालेले असायचे. प्रत्येक तुटीला एखाद-दुसरी चौकट गेलेली, गाण्याच्या सुरुवातीला तर जास्तच. आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेली असते. त्यामुळे सांध्यावर चित्र आणि आवाज दोन वेगळ्या ठिकाणी उडी मारतात. आणि मशीनमध्ये फिल्म चढवताना खालची लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, लहानमोठी झाली, तर ओठ आणि शब्द अख्खं रीळभर जुळत नाहीत. कोकणातल्या प्रेक्षकानं वर्षानुवर्षं हे असं सिनेमा पाहणं पत्करलं. आपण साखळीच्या शेवटच्या टोकाला होतो.

दोन मशीनं असली तर रीळ बदललेलं कळत नसे. त्यासाठी फिल्मवर खूण असते: पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका. पहिला ठिपका रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी. तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. दुसरा अगदी शेवटच्या सेकंदाला. तेव्हा एकाची झडप बंद, दुसऱ्याची उघडी. ठिपके झिजलेल्या प्रिंटवर आधीच्या कुणीतरी सुईनं खरवडून फुल्या केलेल्या असत, त्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या चमकायच्या. अनेकांनी लहानपणी पाहिलेल्या त्या फुल्या म्हणजे दुसऱ्या गावच्या ऑपरेटरनं पुढच्याला ठेवलेला निरोप होता.

खेळांच्या वेळा एसटीवर ठरत. सहाचा खेळ नऊच्या आत सुटला तर वस्तीची गाडी मिळायची. नऊच्या खेळाला आजूबाजूच्या वाड्यांतले चालत येणारे. परतताना हातात चूड पेटवलेली. भातलावणीच्या दिवसांत खुर्च्या रिकाम्या, गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांमुळे हाऊसफुल्ल. मालकाचं वर्ष या दोन सणांवर आणि मे महिन्यावर तरायचं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 1982 नंतर रंगीत टीव्ही, मग व्हिडिओ, मग केबल. उपग्रहावरून चित्रपट येऊ लागले तेव्हा एक गोष्ट मात्र खरोखर चांगली झाली: मुंबईचा शुक्रवार आणि आपला शुक्रवार एक झाला, पडद्यावरचा पाऊस थांबला. पण नवी यंत्रणा वातानुकूलित, कोरडी खोली मागते. खाऱ्या हवेनं तिच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. जुनं मशीन रॉकेलच्या फडक्यानं आणि तेलानं सावरता येत होतं, हे सर्किट नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, 3 जूनला निसर्ग वादळ आलं. बंद दालनात पंखा नाही, उजेड नाही, वर पत्रे उचकटलेले. अशा एका पावसाळ्यात खुर्च्यांचं फोम, पडदा आणि स्पीकरचे कागदी शंकू तिन्ही जातात. टॉकीज चालू असणं हीच तिची डागडुजी होती.

म्हणून एक कळकळीची विनंती. तुमच्या गावची टॉकीज पाडली जाणार असेल तर त्याआधी एवढं करा. भोकापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि पडद्याची रुंदी मोजा. मशीनमधली जुन्या चित्राची खिडकी 21 मिलिमीटर रुंद असते. 21 ला अंतरानं गुणा, रुंदीनं भागा, म्हणजे मशीनच्या भिंगाचं नाभीय अंतर मिळेल. अंतर 24 मीटर आणि पडदा 6 मीटर असेल तर 84 मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंचांच्या आतलं भिंग. अडगळीत तसं भिंग सापडलं तर ते याच टॉकीजचं असण्याची शक्यता मोठी. परवान्याची फाइल आणि नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयात शोधा. साध्या अर्जानं मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. रोजच्या गल्ल्याचे तक्ते, तिकिटांची स्थळप्रत, हँडबिलं रद्दीत देऊ नका.

रीळ सापडलं तर डबा उन्हात उघडू नका, पाण्यानं धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. काठावर इंग्रजीत 'सेफ्टी' हा शब्द आहे का बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे. ती इतर रिळांपासून वेगळी ठेवा. 'नायट्रेट' असं लिहिलेलं दिसलं, किंवा चिकट, तपकिरी भुकटी दिसली, तर हात न लावता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

आणि ऑपरेटर हयात असतील तर त्यांना घरी भेटू नका, केबिनमध्ये घेऊन जा. नट-नट्यांचं नंतर विचारा. आधी विचारा, आर्क किती अँपिअरवर चालवायचात आणि पावसाळ्यात कांड्या कुठे सुकवायचात. त्यांचा हात ज्या बाजूला जाईल तिथली भिंत नीट बघा. मशीन कधीच विकलं गेलं असलं तरी त्याच्या चार बोल्टांची भोकं फरशीत अजून असतील, त्यांचंही माप घ्या.

नमस्कार.