लॅपटॉप झोपेतून उठतो तेव्हा

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण संध्याकाळी ऐरोली-रबाळ्याच्या ऑफिसात लॅपटॉपचे झाकण लावतात आणि ठाण्याला घरी पोहोचल्यावर उघडतात. उघडल्यावर कधी लॉक स्क्रीनऐवजी क्षणभर आपलीच फाईल झळकते, कधी स्क्रीन काळीच राहते, तर कधी बरोबर पासवर्डही नाकारला जातो. या तिन्ही तक्रारी ‘लॉक स्क्रीन बिघडली’ या एकाच सबबीखाली दुकानदाराकडे जातात. त्यांची कारणे मात्र निरनिराळी आहेत.

पहिली तक्रार सुरक्षेची असल्याने तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. ‘एस३’ प्रकारच्या झोपेत प्रोसेसर बंद होतो, रॅमला वीज मिळत राहते आणि उठल्यावर काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते. त्यामुळे लॉक स्क्रीन पूर्ण उमटण्याआधीच लॅपटॉप झोपला, तर ते राहिलेले काम उठल्यावर होते आणि तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्यालाही आधीचा मजकूर दिसतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरील सिस्टिमडीमध्ये (यंत्रणेतल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) लॉक करणाऱ्या प्रोग्रामला झोप थोपवून धरता येते. मात्र सेटिंग बदलले नसेल, तर ही सवलत फक्त ५ सेकंदांची असते. लिनक्सवर स्क्रीनवरच्या विंडो दाखवण्याच्या जुन्या एक्स११ पद्धतीत तर लॉक म्हणजे सर्व स्क्रीन व्यापून कीबोर्ड ताब्यात घेणारी एक साधी विंडोच असते, आणि तो प्रोग्राम कोसळला की मागचे सारे उघडे पडते. वेलँड या नव्या पद्धतीच्या सेशन-लॉक प्रोटोकॉलने (कुलूप लावण्याच्या ठरलेल्या नियमांनी) हा नियम उलटा केला: लॉकचा प्रोग्राम बंद पडला तरी सेशन, म्हणजे आपले चालू काम, कुलूपबंदच राहिले पाहिजे. वापरणाऱ्याची त्यात अडचण होते खरी, पण कुलपाने बिघडताना बंदच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्क्रीन काळी राहिली, तर आधी कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का, ते पाहावे. दिवा बदलत असेल, तर यंत्रणा बहुधा जागी आहे आणि दोष डिस्प्लेच्या बाजूचा आहे. विंडोजवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो; लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनल (नुसत्या मजकुराची, आज्ञा टाइप करण्याची स्क्रीन) मिळते का, ते पाहता येते. पॉवर बटण दाबून धरण्याचा उपाय शेवटचाच, कारण सेव्ह न केलेले काम त्याने हमखास जाते.

तिसरी तक्रार खास आपली, मराठीत टाइप करणाऱ्यांची. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना झाकण लावले, तर काही लॅपटॉपवर लॉक स्क्रीनलाही तोच कीबोर्ड लागू राहतो; आपण एच दाबतो, आत ‘प’ जातो आणि समोर मात्र नेहमीचाच ठिपका उमटतो. त्यासाठी पासवर्डच्या चौकटीजवळचे भाषेचे चिन्ह आधी पाहावे. लिनक्सवर चुकीचे पासवर्ड मोजणारी फेललॉक नावाची सोय मूळ सेटिंगनुसार चालू असेल, तर ३ चुकांनंतर खाते १० मिनिटे अडवले जाते, आणि त्या काळात बरोबर पासवर्डसुद्धा चालत नाही.