पांढरा ठिपका

पहाटेची ओहोटी. रत्नागिरी जिल्ह्यातली एक खाडी, काठावर कोळंबीची तळी. खाणं तपासायला तळ्यात सोडलेला चेक ट्रे वर येतो, तर कालचं खाद्य त्यात तसंच. "खाणं सोडलंय," राखणदार एवढंच म्हणतो. बांधाकडेला रेंगाळणारी एक कोळंबी तो उचलतो, डोक्यावरचं कवच सोलतो आणि उजेडाकडे धरतो.

पांढरे ठिपके.

कोळंबीचा हा रोग व्हाइट स्पॉट नावाच्या विषाणूमुळे होतो. पण हे ठिपके म्हणजे विषाणू नव्हेत. कवच घडवणाऱ्या पेशी बिघडल्या, म्हणून तिथे चुना साचलाय. विषाणू इतका बारीक, की 2000 एकापुढे एक मांडले तरी मिलिमीटर पुरा भरत नाही.

तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. स्निग्ध पापुद्रा, त्याच्या आत प्रथिनांचं कवच, आणि त्यात सुमारे 3 लाख अक्षरांचा डीएनए. एवढाच त्याचा संसार. पाण्यात तो नुसता तरंगतो. कोळंबीच्या कल्ल्यातली किंवा जठरातली पेशी गाठली, की तिला चिकटतो, आत शिरतो, आणि त्याचा डीएनए थेट केंद्रकात पोचतो. मग पेशी स्वतःची राहत नाही. तिचीच सामग्री वापरून त्या डीएनएच्या प्रती निघतात, तिचीच रायबोसोम त्याची प्रथिनं घडवतात. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार होतो. विषाणूचं तसं नाही. आधी सुटे भाग तयार होतात, मग केंद्रकातच त्यांची जुळणी होते. केंद्रक फुगत जातं, पेशी फुटते, आणि नवे विषाणू शेजारच्या पेशींना भिडतात. 3 ते 10 दिवसांत अख्ख्या तळ्यातली कोळंबी मरू शकते.

यावर औषध नाही. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडंही तयार होत नाहीत. माणसाला मात्र या विषाणूचा काही अपाय नाही, हे प्रत्येक मासळी बाजारात सांगायला हवं.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण 1 कोटी विषाणू असतात. बहुतेक जिवाणूंवर वाढणारे, कोळंबीशी देणंघेणं नसलेले. हा एक वेगळा.

बांधावरचं हे बुटकं जाळीचं कुंपण कुर्ल्यांना, म्हणजे खेकड्यांना, अडवायला आहे. कुर्ली हा विषाणू वागवते आणि बरेचदा स्वतः मरत नाही.

आता उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, खोलून सगळं पाणी खाडीत सोडावं, असं कुणालाही वाटेल. पण पुढच्या भरतीला तेच पाणी शेजारच्या तळ्यात जाईल. राखणदार उघाडीच्या फळ्या घट्ट बसवतो, फटींत चिखल थापतो. मग ब्लिचिंग पावडरची गोणी फोडतो.

खाडीत भरती लागली आहे.