पदवीच्या आधी, केडगावला

शेवटच्या वर्षाची मुलं रिट्रीटसाठी, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिरासाठी, तीन दिवस एकत्र सापडणं मोठं कठीण. सबमिशन, तोंडी परीक्षा, मधेच कॅम्पसच्या मुलाखती, एप्रिल उजाडला की पेपर. त्यात लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, दुःखसहन सप्ताह आणि ईस्टर. म्हणून पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ डिसेंबरातच कॅलेंडर घेऊन बसलाय. परीक्षा झाल्यावर रिट्रीट घेऊ, असं कुणीतरी सुचवतंच. पण शेवटचा पेपर टाकला की होस्टेलची खोली रिकामी करायची असते. संध्याकाळच्या गाडीनं कुणी श्रीरामपूर गाठतं, कुणी जालना, कुणी मिरज. शेवटी फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार ते रविवार ठरतो.

जागेवरून चर्चा लांबते. पाचगणी, खंडाळा ही नावं आधी निघतात. हवा छान, पण शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड आणि बसभाड्यातच अर्धी वर्गणी संपणार. मग एक मुलगी म्हणते, “केडगावला जाऊ या ना. दौंडच्या गाडीत बसलं की झालं.”

केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी याहून योग्य जागा आम्हाला तरी सुचत नाही. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. आईवडील आधीच दुष्काळात गेले होते. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. 1883मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा, मग अमेरिका, 1889मध्ये मुंबईत शारदा सदन. केडगावचं काम उभं राहिलं ते शतक सरताना, दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांसाठी. इथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि आश्रमातल्या बायकांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. 1922 साली रमाबाई वारल्या, बायबल त्यांच्यामागे प्रसिद्ध झालं. पदवीनंतरचा रस्ता किती वळणं घेतो, आणि त्या वळणांवर देव कसा सोबत असतो, हे मुलांना तिथे उभं राहून ऐकू दे.

मिशनची भेट शनिवारी सकाळी, आधी परवानगी घेऊन. मुक्काम जवळच एका साध्या जागी. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं. नाश्त्याला पोहे, रात्री पिठलं-भाकरी. पेटी आणि तबला मंडळीतूनच नेणार.

हा कार्यक्रमाचा पहिला कागद बघा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चौकटी भरलेल्या, त्यात पाच प्रवचनं. सल्लागार म्हणून आलेल्या निवृत्त प्राध्यापिका चष्मा पुसतात आणि विचारतात, “अरे, मुलांनी बोलायचं कधी? आणि गप्प कधी बसायचं?” मग त्या पेन उचलून तीन प्रवचनं खोडतात. शनिवारच्या दुपारी आता दोन तास मौन आहे. मोबाइल टोपलीत, हातात बायबल आणि वही. बारा जणांना निवडण्याआधी येशूनं डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली, असं लूक सांगतो. नोकरी, पुढचं शिक्षण, लग्न यांचे निर्णय तोंडावर आलेल्या मुलांना निदान दोन तास मिळायलाच हवेत.

ऊन उतरलं की अम्माऊसची वाट, म्हणजे पुनरुत्थानानंतर येशू ज्या वाटेवर दोन शिष्यांसोबत बोलत चालला तिची आठवण. दोघादोघांनी चालायचं, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, परतताना उलट. रात्रीच्या बैठकीत पैशाचं बोलणं: पहिला पगार, शिक्षणाचं कर्ज, धाकट्या भावाची फी, दशमांश (मिळकतीतला देवाला द्यायचा दहावा भाग), रविवारी लागणारी शिफ्ट. हे विषय देवळात क्वचितच निघतात आणि मुलं मात्र त्यांच्याच काळजीनं रात्र-रात्र जागतात.

एका मुद्द्यावर समिती अडते. ज्यांना नोकरी लागली त्यांची साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं हे सांगणं, ठेवू या, असा प्रस्ताव येतो. मागे बसलेला एक मुलगा हळूच म्हणतो, “आणि ज्यांना नाही लागली?” थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग ठरतं, की साक्षीला पदवीनंतर बराच काळ घरी बसावं लागलेल्या ताईला बोलवायचं. आमच्या मते साऱ्या आखणीतला हा सगळ्यात चांगला निर्णय.

रविवारी पाळकसाहेब येतील, उपासना आणि प्रभुभोजन होईल. त्यानंतर जेवणाआधी एक वही फिरेल. नाव, जाणार ते शहर, तिथला भाग, फोन. घर सोडून बेंगळुरूला किंवा हैदराबादला गेलेल्या मुलाची मंडळी तुटते ती पहिल्या काही महिन्यांतच. नवी खोली, नवं ऑफिस, रविवारी झोप. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे त्या शहरातल्या एखाद्या मंडळीचा पत्ता आणि ओळखीच्या एका घराचं नाव लिहायचं, आणि पाळकसाहेबांचं पत्र हाती द्यायचं. ऑगस्टमध्ये वहीतल्या प्रत्येकाला फोन करायचा. ते काम प्राध्यापिकाबाईंनी आणि मंडळीच्या खजिनदारांनी आपल्याकडे घेतलंय. निम्मी नावं त्यांच्याकडे, निम्मी यांच्याकडे.