पेशीची वाढ रोखणारा मायक्रोआरएनए-२०३

नमस्कार श्रोतेहो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. त्याचं प्रथिन अस्थिमज्जेतल्या पेशींना सतत वाढायला लावतं.

आता मायक्रोआरएनएकडे येऊ. हा जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए. त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाशी जुळली, की त्या संदेशातून प्रथिन बनणं घटतं. मायक्रोआरएनए-२०३ला जुळणारी जागा एबीएलच्या, म्हणजे ९व्या गुणसूत्रावरच्या मूळ जनुकाच्या, संदेशाच्या शेपटात आहे, आणि जोडजनुक तयार होताना हे शेपूट शाबूत राहतं. म्हणजे रोग घडवणारा संदेशही त्याच्या टप्प्यात येतो!

मग पेशी वाढतात कशा? या मायक्रोआरएनएचं जनुक १४व्या गुणसूत्रावर असतं. या कर्करोगात त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, चढतात आणि ते बंद पडतं. माद्रिदच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं. मिथाइल गट कमी करणारी औषधं दिल्यावर ते पुन्हा सुरू झालं आणि पेशींची वाढ मंदावली.

पण वाढ मंदावली एवढ्यावर विश्वास ठेवू नये. प्रयोगाला लागणाऱ्या के-५६२ पेशी, म्हणजे याच कर्करोगाच्या रुग्णापासून मिळवून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मिळतात. त्या द्रवात तरंगत वाढतात, त्यामुळे मेदयुक्त द्रावणापेक्षा विजेच्या झटक्याने कृत्रिम मायक्रोआरएनए आत घालणं बरं. मात्रा फार झाली तर मायक्रोआरएनएला धरून काम करणारी अर्गोनॉट प्रथिनं त्यातच अडकतात, पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए बाजूला पडतात आणि वाढ भलत्याच कारणाने थांबते. म्हणून निरर्थक क्रमाचा आरएनए तेवढ्याच मात्रेत दुसऱ्या गटाला द्यावाच लागतो. प्रथिन मोजायची घाईही नको, आधीचं प्रथिन संपायला वेळ लागतो; ४८ ते ७२ तासांनी मोजावं. खरी कसोटी पुढची: शेपूट कापलेलं बीसीआर-एबीएल पेशीत घालायचं. मायक्रोआरएनए असूनही वाढ परत आली, तरच तो याच जनुकावर काम करत होता असं म्हणता येतं.

औषध म्हणून मात्र वाट अवघड आहे. मायक्रोआरएनए-३४ए या दुसऱ्या एका मायक्रोआरएनएवर आधारलेली मानवी चाचणी २०१६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. त्यामुळे इमॅटिनिब हे या रोगावरचं औषध घेणाऱ्या रुग्णांनी अशा बातम्या ऐकून, डॉक्टरांना न विचारता, गोळ्या बंद करू नयेत.