गाद्या, ट्राम आणि ऑफिसची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार. रस्त्यालगतच्या ऑफिसात किंवा दवाखान्यात गोंगाटाचा त्रास व्हायला लागला की पहिली खरेदी होते ती फोमची. काळा, खाचाखाचांचा फोम भिंतीला चिकटतो, आणि बाहेरचा हॉर्न होता तस्साच ऐकू येतो. आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. हे वाक्य मी आज पुन्हा म्हणणार आहे, ऐकून घ्या.

आता माझी आवडती गोष्ट. साल १८९५. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवंकोरं व्याख्यानगृह उघडलं. देखणं, पण बोललेलं कळेना! एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही. तोवर वक्ता पुढच्या वाक्यावर पोचलेला, सगळ्याची खिचडी. हे निस्तरायला सांगितलं वॉलेस सॅबिन नावाच्या २७ वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला. त्यानं काय करावं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि सूर विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. कानानं! आवाजाचं मीटर तेव्हा कुठलं? आज मोबाइलवर ॲप उघडून आकडा दाखवणारे पुष्कळ, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकणारे थोडे. असो. सकाळच्या आत गाद्या जागेवर परत.

पुढे त्याच्या लक्षात आलं की अंगावरच्या कपड्यांनीही आकडा हलतो. झालं, आधीची मोजमापं बाद! त्यानंतर प्रयोगाला ठरलेलेच कपडे, तोच निळा हिवाळी कोट. शेवटी बाकांवर, वाटेत, भिंतींना, सगळीकडे गाद्या लावल्या तेव्हा साडेपाच सेकंदांचा घुमारा सव्वा सेकंदाच्याही आत आला. या अभ्यासावर आधारलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल १९०० साली उघडलं.

पण हे सगळं मध्यरात्रीनंतर का? दिवसा, संध्याकाळी रस्त्यावर ट्राम धावत. खोलीत शेकडो गाद्या, तरी ट्रामचा खडखडाट आत यायचाच. गाद्यांनी आतला घुमारा शोषला, बाहेरचा आवाज अडवला नाही. म्हणून म्हणतो, शोषणं वेगळं, अडवणं वेगळं.

अडवायला लागतं वजन, आणि लागते बंदिस्ती. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कागदावर शांत बसलेली असते. तेव्हा खिडकीचं बघा. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी रुळाच्या फटीतून आवाज आत सोडते. रबरी गॅस्केटवर दाबून बसणारी, बिजागरीची खिडकी बरी. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली. दुहेरी काच घेणार असाल तर दोन्हींची जाडी वेगवेगळी ठेवा, एक सहा मिलिमीटर तर दुसरी आठ. सारख्या काचा एकाच सुरावर थरथरतात आणि तो सूर आत येतो. आणि आपल्या उन्हात अख्खी इमारत काचेची का बांधतात, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

दाराचं तेच. पोकळ फ्लश डोअर कितीही महागडं लॅमिनेट लावलं तरी पोकळच. भरीव दार घ्या, चौकटीला रबर लावा, आणि खालची फट बुजवा. फट बुजवा! दारात शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेल्या नव्याण्णव भागांचा खर्च बराचसा वाया जातो. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोकसुद्धा बघा.

साहेबांच्या केबिनमधलं बोलणं बाहेर ऐकू येत असेल, तर फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून वर बॅटरी मारा. पार्टिशन तिथंच संपलेलं दिसेल, वर स्लॅबपर्यंत मोकळं रान. कंत्राटदाराला आधी ते भरायला सांगा; फोमचं नंतर बघू.