पान्याला हात न लावणारे खेळाडू

शालेय संघांच्या रोबोट स्पर्धेच्या मैदानावर सहा रोबोट उतरले आहेत, तीन लाल आघाडीचे आणि तीन निळ्या आघाडीचे. आघाडी म्हणजे एकत्र खेळणाऱ्या संघांचा गट. सभागृहातील सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळलेल्या असताना आपण प्रेक्षकांच्या वरच्या रांगेत बसलेल्या या मुलांकडे पाहू. त्यांनी एकेक रोबोट वाटून घेतला आहे. सुमारे अडीच मिनिटांच्या सामन्यात आपल्या वाट्याच्या रोबोटने किती वेळा गुण मिळवले, तो कुठे अडखळला, मध्येच बंद पडला का, याची नोंद ती टॅबलेटवर करत आहेत. दुसऱ्या टोकाला कितीही रंगतदार झुंज चालू असली, तरी त्यांना मान वळवता येत नाही. या कामाला स्काउटिंग म्हणतात. पात्रता फेरीनंतर पहिल्या आठ क्रमांकांवरील संघ सर्वांसमक्ष आपले साथीदार निवडतात, तेव्हा कर्णधाराच्या हातातील यादी बहुधा अशाच नोंदींवरून तयार झालेली असते.

ही फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धा आहे. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट या संस्थेची स्थापना केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे, एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ संघांची पहिली स्पर्धा भरली. तिच्या जडणघडणीत एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा होता. विशेष म्हणजे, या स्पर्धेतील सर्वोच्च सन्मान मैदानावर जिंकणाऱ्या रोबोटसाठी नाही. पूर्वी चेअरमन्स अवॉर्ड आणि २०२३ च्या हंगामापासून इम्पॅक्ट अवॉर्ड या नावाने दिला जाणारा हा पुरस्कार, संघाने आपल्या शाळेत आणि परिसरात विज्ञान-तंत्रज्ञानाची आवड रुजवण्यासाठी काय केले, हे पाहून ठरतो.

त्यासाठी आधी निबंध सादर करावा लागतो. अक्षरमर्यादा ठरलेली असल्याने वर्षानुवर्षांच्या कामातील काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो. नंतर संघाचे विद्यार्थी परीक्षकांसमोर उभे राहतात आणि मोजक्या मिनिटांत आपले म्हणणे मांडतात. परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरेही त्यांनीच द्यायची असतात. मार्गदर्शक शेजारी असले, तरी त्यांना बोलता येत नाही. ज्या मुलीने शाळाशाळांत जाऊन कार्यशाळा घेतल्या आणि त्यांची तारीखवार नोंद ठेवली, तिच्या वहीविना परीक्षकांसमोर सांगण्यासारखे फारसे काही उरले नसते.

संघाच्या दृश्य ओळखीसाठी, म्हणजे संघ आणि त्याचा रोबोट कसा दिसतो यासाठीही एक पुरस्कार आहे, आणि तो केमन यांचे वडील, चित्रकार जॅक केमन यांच्या सन्मानार्थ दिला जातो.

म्हणजे स्पर्धेने या कामांची दखल घेतलेली आहे. अडचण संघांच्या आत आहे. रोबोट बांधणारे ते खरे सदस्य आणि बाकीचे मदतनीस, अशी विभागणी कोणी मुद्दाम केलेली नसली, तरी ती सहज रुळते. अमेरिकेतील काही शाळांमध्ये खेळाडूंना मिळणारे मानाचे अक्षरचिन्ह (कपड्यावर लावायचे शाळेचे आद्याक्षर) रोबोटिक्ससाठीही दिले जाते. मिनेसोटा राज्यात तर २०१२ पासून शालेय क्रीडा संघटनेच्या वतीने रोबोटिक्सची राज्यस्तरीय स्पर्धा होते. परंतु अशा सन्मानासाठी केवळ रोबोट बांधण्यात घालवलेले तास मोजले गेले, तर रात्री उशिरापर्यंत प्रायोजकांना पत्रे लिहिणारा विद्यार्थी हिशेबात येतच नाही. 'सर्वांनी खूप मदत केली' हे वाक्यही अशा वेळी अपुरे पडते, कारण त्यात कोणाचेच काम दिसत नाही.

आमच्या मते, दखल नावानिशी आणि कामानिशी घेतली पाहिजे. साथीदारांची यादी ठरवताना स्काउटिंगचा प्रमुख चर्चेला बसलेला असावा आणि त्याच्या मताला रोबोट चालवणाऱ्याच्या मताइतके वजन असावे. प्रोग्राम कोणी लिहिला हे जसे नोंदवले जाते, तसेच निबंध कोणी लिहिला, निधी कोणी उभा केला, हेही संघाच्या अहवालात यावे.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. शाळेचे शेवटचे वर्ष संपले की मुले संघ सोडून जातात. रोबोटचे आराखडे आणि प्रोग्राम संगणकावर मागे राहतात. पण कोणत्या प्रायोजकाशी कोण बोलत होते, त्याला कोणता शब्द दिला होता, हे त्या कामाला काम मानले नसेल, तर कुठेच लिहिलेले नसते. जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो तेव्हा रोबोट बांधणारे हात तयार असतात, आणि नोंदणी शुल्काचे हजारो डॉलर कोणाकडे मागायचे, हे मात्र संघात कोणालाच ठाऊक नसते.