साल ठरलं, मग पदर

[दृश्य: अंबाजोगाईची जुनी वस्ती. मातीच्या उंच भिंती, अरुंद बोळ, एका वाड्याचा दिंडी दरवाजा. आत पितळी घंगाळ घासल्याचा आवाज.]

निवेदन:

‘व्हिंटेज’ म्हटलं की हल्ली एकच साचा निघतो. ग्रामोफोन, टाइपरायटर, लालभडक लिपस्टिक आणि वरून अख्ख्या फोटोवर चढवलेला तपकिरी रंग. अंबाजोगाईत घरूनच साड्या आणि पोलकी विकणाऱ्या ताईंना आपल्या मालाच्या फोटोंत यातलं काहीच नको होतं. त्यांचं म्हणणं सरळ आहे. आमच्या गल्लीत ग्रामोफोन कुणाकडं होता? जुनं दाखवायचं तर इथलं दाखवू.

पण इथलं जुनं म्हणजे नेमकं कधीचं?

मराठवाड्यात हा प्रश्न अवघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या गावाला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि इथं घोडदळाची छावणी होती. कचेरीचा कारभार उर्दूत, व्यवहार संस्थानच्या स्वतःच्या नाण्यात, हाली शिक्क्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. बारा वर्षांत एवढी उलथापालथ झालेल्या गावात ‘पूर्वीच्या काळी’ एवढ्यावर भागत नाही. साल ठरवावंच लागतं.

ताईंनी ठरवलं १९५६ ते १९६०. कारण विकायच्या मालातच होतं. दुकानात, म्हणजे माजघरातल्या दोन कपाटांत, सुती इरकल, नारायणपेठ आणि कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी. इरकल विजापूरकडची, नारायणपेठ हैदराबाद संस्थानातली. दोन्ही इथल्या बाजाराला सवयीच्या. आणि त्या वर्षांत एकाच घरात दोन नेसणी दिसत. आई नऊवारी लुगड्यात, शाळा-कॉलेजात गेलेली लेक गोल, म्हणजे बिनकासोट्याच्या, पातळात. एका चौकटीत दोघी उभ्या केल्या की काळ आपोआप कळतो, खाली तारीख लिहावी लागत नाही.

[दृश्य: ओसरीवर सामान मांडलंय. ताई एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवतायत.]

मग सुरू झाली चाळणी. पुढच्या कॅमेऱ्याच्या कामापेक्षा हे काम मोठं. फोटोत काय ठेवायचं हे लवकर ठरतं, काय काढायचं हे शेवटपर्यंत संपत नाही. विजेचं मीटर, भिंतीवरचा प्लास्टिकचा पाइप, फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या मुलींच्या हातातले काळे रबर, पोलक्याची पाठीमागची चेन. ताटलीत सांडलेली नाणीसुद्धा तपासली गेली, कारण दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. ‘नये पैसे’ लिहिलेलं नाणं दिसलं तर फोटो त्याच्या अलीकडचाच धरावा लागणार. आपल्या मुदतीत ते बसत होतं, म्हणून राहिलं. डालड्याचा डबाही राहिला. रेडिओ मात्र गेला. सापडला तो ट्रान्झिस्टर होता, आणि तो या ओसरीवर शोभला नसता.

नथ आणि चंद्रकोर दोन्ही काढल्या. यावर थोडी नाराजी झाली, कारण मुलींना तीच हौस होती. पण नथ सणासुदीची. रोजच्या नाकात फुली नाहीतर मोरणी, आणि कपाळावर मेणावर टेकवलेलं ठसठशीत गोल कुंकू. गळ्यात बोरमाळ, हातात पाटल्या. हल्ली नऊवारी म्हटलं की मुलीला थेट लावणीच्या फडात उभं करतात. मला ते खटकतंच. घरकाम करणाऱ्या बाईचं लुगडं आणि बोर्डावरची नऊवारी यांत फरक आहे.

तो फरक शिकवायला शेजारच्या मावशी आल्या. आयुष्यभर लुगडंच नेसलेल्या. कॉलेजातल्या पोरीनं इंटरनेटवर बघून घातलेल्या निऱ्या त्यांनी एका झटक्यात सोडल्या.

“आगं माय, असला पदर सोडून भाकरी कशी थापायची? चुलीत जाईल की! खोच तो. आन् कासोटा वढून घे, चालताना सुटला नाय पाह्यजे.”

पदर खोचला गेला आणि पोरीची उभं राहायची ढबच बदलली. तोवर ती फोटोसाठी उभी होती. आता तिला कुठंतरी जायचं होतं.

[दृश्य: वाड्याचं माजघर. काळपट लाकडी खांब, देवळीत पणती. छतातून उजेडाचा झोत.]

जागेची निवड सोपी नव्हती. पहिल्यांदा गावातल्याच हत्तीखाना लेण्यांचं नाव निघालं. दगडी हत्ती, खांब, फोटो देखणे आले असते. पण संरक्षित वास्तूत तिपाई आणि दिवे घेऊन धंद्यासाठी फोटो काढायचे तर आधी लेखी परवानगी लागते. ती मिळालीही असती. खरा आक्षेप वेगळा होता. लेण्यात कुणी लुगडं वाळत घालत नाही. तिथं कापड पाहुणं वाटतं.

वाड्यात तसं होत नाही. दारालगतची ढाळज ओलांडली की चौक, चौकाच्या कडेनं ओसरी, आत माजघर. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. आणि त्या माळवदात साणं, उजेड आणि धूर यांच्या वाटेसाठी ठेवलेलं भोक. छायाचित्रकारानं बरोबर आणलेले दिवे उघडलेच नाहीत. सकाळी साण्यातून उतरणारा उजेड खांबाच्या एका अंगाला पडतो, दुसरं अंग सावलीत. समोर धुतलेलं पांढरं धोतर धरलं की सावली हलकी होते. बाजारातला रिफ्लेक्टर यापेक्षा वेगळं काही करत नाही.

चौकात मात्र दहाच्या पुढं ऊन तापलं. मराठवाड्याचं ऊन कॅमेऱ्याला सोसत नाही. पांढरं एकदम फटफटीत आणि लाल रंग जळून सपाट. मग सगळे ओसरीवर चहाला.

[दृश्य: टोपपदराचा अगदी जवळून घेतलेला फोटो.]

इथं थोडं थांबू, कारण अख्ख्या खटाटोपातला सगळ्यात कामाचा फोटो हा आहे. यात मुलगी नाही, वाडा नाही. इरकलच्या अंगाचा गर्द निळा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा लाल ताणा जिथं भेटतात ती रेघ. पदराचे धागे स्वतंत्र लावतात आणि अंगाच्या धाग्यांशी फासात फास अडकवून जोडतात. त्या लालावर देवळाच्या शिखरांसारखे पांढरे टोप. बोट फिरवलं की जोड हाताला लागतो. फोटोत तो दिसावा म्हणून उजेड समोरून न घेता पदराला घासून जाईल असा बाजूनं घेतला. धाग्याची सावली धाग्यावर पडली आणि वीण उठून आली.

छायाचित्रकाराला हाच फोटो तपकिरी करून हवा होता. जुना बाज येईल म्हणे. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे फोटो तसेच दिसतात, हेही त्यानं सांगितलं. ते खरंय, पण दीनदयाळांना कुणाला साडी विकायची नव्हती. गिऱ्हाइकानं निळी बघून मागवली आणि पार्सलमधून जांभळट निघाली तर साडी परत, वर टपालखर्च ताईंच्या अंगावर. म्हणून नियम केला: जुनेपण मांडणीत, नेसणीत आणि उजेडात. रंगाला हात लावायचा नाही. प्रत्येक साडीसोबत राखाडी कार्ड धरून एक फोटो आधी काढला आणि त्यावरून रंग जुळवले.

[दृश्य: संध्याकाळ. ओसरीवर घड्या घालायचं काम. मावशी पाटल्या मोजून रुमालात बांधतायत.]

प्रत्येक साडीचे तीन फोटो जाणार आहेत. नेसलेली, पदराची जोडणी आणि कुठलीही सजावट नसलेला साधा उजेडातला. सोबत लांबी, सूत की रेशीम, हातमाग की यंत्रमाग, आणि किंमत. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हा प्रकार ताईंना चालत नाही.

पुढचा बेत हिमरूचा, म्हणजे रेशीम आणि सुताच्या विणीच्या कापडाचा, आहे. त्यासाठी संभाजीनगरला जाऊन कापड आणायचं, आणि साल थेट १९४८ च्या मागं न्यायचं. शेरवानी शिवून देणारा शिंपी मिळालाय. रुमी टोपी अजून कुणाच्या घरातून निघालेली नाही, विचारणं चालू आहे.